हातोडीवरचं कुंकू

प्लेनो, अमेरिका. दसरा, २००५. संध्याकाळ.

तळहाताचं कुंकू दोनदा साबणाने धुतलं, तरी जात नाही.

सगळा उन्हाळा गराजमध्ये पाठीवर पडून ग्राइंडर मारला, तेव्हा कुठे त्या जुन्या, दणकट इंजिनाच्या मसल कारच्या चासीचा, म्हणजे सांगाड्याचा, गंज निघाला. नुसतं उघडं, चकचकीत लोखंड. आज ऑफिसमधून आलो की रंगाआधीचा प्रायमर मारायचा होता. ओल लागू नये म्हणून कुणाला हातसुद्धा लावू देत नव्हतो. आणि सकाळी मी गेल्यावर बाबांनी तिची पूजा केली. पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, तिच्यावरच नारळ फोडला. पाणी ओघळलं तिथे तिथे पुन्हा तांबडा गंज.

"दसऱ्याला गाडीची पूजा नको करू का?" मी आल्यावर बाबा म्हणाले.

मी हातोडी उचलून फेकली. त्यांच्या कानाजवळून गेली आणि गराजच्या पातळ, पोकळ भिंतीत घुसली. बायकोला सांगितलं, हातातून निसटली. निसटली नव्हती. नेम डोक्यावरच होता. माझ्याच बापाच्या? हो. आणि चुकला म्हणून आणखी चिडलो, त्याचं काय करू?

बाबा जागचे हलले नाहीत. माझा हात लाल दिसला, वाटलं रक्त. कुंकू होतं. हातोडीच्या दांड्यालाही लावलं होतं त्यांनी.

"हातोडीला कशाला?" मी ओरडलो.

"तुझ्या हाताला लागू नये म्हणून."

मग बाबांनी भिंतीतून ती ओढून काढली आणि माझ्याच हातात दिली.