आगाऊ नमस्कार

इंदिरानगर, नाशिक

तीर्थस्वरूप अक्का,

तुझ्या पायांवर सावळीरामचं डोकं. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे महेशकडून कळलं. आता थोडे दिवस शेगडीपुढे जाऊ नकोस, आणि शेजारच्या द्राक्षबागेत औषध मारायला सुरुवात झाली असेल तर ओटीवरही बसू नकोस. फोनवर तू "बरंय ना सगळं?" विचारतेस आणि उत्तर यायच्या आत ठेवून देतेस, म्हणून पत्र लिहितोय. सूनबाईकडून वाचून घे. (रूपाली, कंसातलं मोठ्यानं वाचू नकोस, ते तुझ्यासाठी आहे. अक्काची साखर बंद आहे, ती खरंच बंद आहे का?)

आपली निकिता, महेशची धाकटी, कराटे शिकते. पोरीच्या जातीला हे कशाला, असं तू म्हणाली होतीस, मीही मान डोलावली होती, पण तिच्या आईनं, छायानं, दोघांचंही ऐकलं नाही. संध्याकाळी तिला क्लासला नेणं-आणणं माझ्याकडे. शिकवणाऱ्या लतिकाबाई वयानं लहान पण आवाज असा, की पोरं पाणीही विचारून पितात. पोरं त्यांना सेन्सेई म्हणतात, जपानीत गुरू. (मी बरेच दिवस ते आडनाव समजत होतो. "सेन्सेई म्हणजे तुम्ही मूळच्या कुठल्या?" असंही विचारून बसलो.)

पोरगी चपळ आहे, अक्का. लाथ समोरचीच्या पोटावर अशी बसते की बघत राहावं. अडचण त्यापुढची. लाथ बसली रे बसली की निकिता खाली वाकते, समोरचीच्या गुडघ्याला हात लावते आणि तो हात आपल्या छातीला लावते. पाय लागला की नमस्कार करायचा, हे तू मला शिकवलंस, मी महेशला, आणि निकिताला तर ती रांगत होती तेव्हापासून. तेवढ्यात समोरचीला ठोसा मारायला मोप सवड मिळते. यशश्री म्हणून तिची मैत्रीण आहे, तिनं तर एकदा वाकलेल्या निकिताच्या डोक्यावर हात ठेवून "आयुष्मान भव" म्हटलं, आणि मग ठोसा मारला. सगळा क्लास हसला. मीही हसलो, मग निकिताचं तोंड बघितलं आणि चष्मा पुसत बसलो.

लतिकाबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मला बाजूला घेऊन शांतपणे म्हणाल्या, "काका, लढताना मान खाली घातली तर जबर लागू शकतं. परीक्षेत ही वाकली तर मी हिला पास नाही करणार. पुढे लढायलाही उभी नाही करणार." परतताना कोपऱ्यावर आल्यावर निकिता म्हणाली, "आबा, उद्यापासून मी येत नाही."

मी म्हटलं, खेळात पाय लागला तर चालतं. तर ती म्हणते, "समोरच्यातल्या देवाला लागतो म्हणता ना? मग कराटे चालू असताना देव कुठे जातो?" मी सवय मोडायला गच्चीवर पेंढा भरून कांद्याची गोण टांगली. तिनं लाथ मारली आणि गोणीला नमस्कार केला. का, तर पेंढा गाय खाते. (एवढं शिकवायला नको होतं असं पहिल्यांदा वाटलं.)

अक्का, मग मला आपला झेंडूचा मळा आठवला. सकाळी वावरात शिरताना आई मातीला हात लावून कपाळाला लावायची, आणि मग दिवसभर तिलाच तुडवायची. दर पावलाला वाकत बसली असती तर फुलं कधी खुडली असती? लढतीआधी ही पोरं एकमेकींना वाकतात, ते मी रोज बघत होतो आणि कवायत समजत होतो. मी निकिताला म्हटलं, तो तुझा आगाऊ नमस्कार. पुढच्या सगळ्या लाथा त्यात आल्या. तिनं विचार केला. "ठोसेही?" म्हणाली. म्हटलं, ठोसेही.

परीक्षेला यशश्रीच समोर आली. निकिता अशी वाकली की यशश्री सरळ झाली तरी ही खालीच. लतिकाबाई खाकरल्या तेव्हा उठली. लाथ बसली. हात गुडघ्याकडे निघाला, अर्ध्यावर थांबला, आणि मुठीत वळून वर आला. आयांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात काही उठले नाहीत. तो अर्ध्यावर थांबलेला हात मी थांबवला होता, आणि बरं केलं की वाईट, ते मला तिथं बसून कळेना. लढत संपली तशी ती यशश्रीकडे गेली आणि "लागलं का गं?" म्हणाली. तेव्हा मी टाळी वाजवली. एकट्यानंच, उशिरा. पिवळा पट्टा मिळाला.

डोळ्यात थेंब वेळेवर घाल. घरच्या सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझा धाकटा
सावळीराम

ता. क. परवा निकिता पळत बाहेर निघाली तेव्हा तिचा पाय माझ्या मांडीला लागला. मी सवयीनं थांबलो. ती चप्पल घालत म्हणाली, "आबा, तुम्हाला सकाळीच घातलाय." हल्ली उठल्याबरोबर घरात एकेकाला नमस्कार घालते आणि दिवसभर मोकळी. छाया म्हणते, हा आगाऊपणा तुम्हीच शिकवला.

आणखी एक, आणि खरं काम हेच. दिवाळीच्या सुट्टीत तिला तुझ्याकडे निफाडला पाठवतोय. तुझा शब्द ती मोडत नाही. पाय लागला की जागच्या जागी नमस्कार, हे तिला पुन्हा पहिल्यापासून शिकव. फक्त फार पक्कं शिकवू नकोस. सुट्टी संपली की लगेच तिची पुढच्या पट्ट्याची परीक्षा आहे.