अव्वा झोपली नव्हती

विष्णुपुरी, नांदेड

तीर्थरूप अप्पांना सुकन्याचा नमस्कार.

शेवटचा पेपर चांगला गेला. जेवण वेळेवर चालू हाय, काळजी करू नका. आईचे गुडघे कसे हायत?

फोनवर रडायला येईल, म्हणून लिहून राहिले. आठ दिवस मी रोज म्हणले, "अव्वाला फोन द्या." तुम्ही रोज म्हणालात, "झोपली हाय." आज बसस्टँडवर आपल्या औशाचा शिवप्रसाददादा भेटला. म्हणाला, "तुझी आजी गेली, अन् तू मातीला दिसली न्हाईस."

माझा पेपर बुडू नये म्हणून लपवलंत, हे कळतं. पण पेपर पुन्हा देता आला असता. ब्याण्णव वर्षं हसत जगली माझी अव्वा. दात नसताना हुरडा मागायची, रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून चहा पाजायची. तिला शेवटचं बघायला ये, असं मला सांगितलंच न्हाई तुम्ही.

जाताना तिनं माझं नाव घेतलं का? आता तरी खरं सांगा.

उद्या दुपारच्या बसनं निघते. तिची पेटी कुणी उघडू नका. एवढं तरी मला विचारून करा.

रागावलेली, पण तुमचीच,
सुकन्या