न गायलेलं कडवं

तिसरं कडवं मी गायलंच नव्हतं, मग ते पोलिसांच्या कागदावर आलं कुठून?

रुकिये, तुझी तब्येत नंतर विचारीन.

नेर्मिनच्या मेंदीला आपण पाचच बायका होतो, खिडक्या लावून. आपल्या तुर्की गाण्यांवर सरकारची बंदी, पण नवरी रडल्याशिवाय मेंदी लावायची कशी? माझी नात दुसऱ्या कडव्यालाच रडली, म्हणून मी थांबले. तिचे डोळे तूच पुसलेस.

काल पोलिसांच्या साहेबाने अख्खं गाणं वाचून दाखवलं. म्हणाला, "आजी, गळा गोड आहे म्हणे तुझा." तिसरं कडवं आपल्या आईने रचलेलं. ते तुझ्या-माझ्याशिवाय कुणालाच येत नाही, आणि मला तर लिहितानाही हात दुखतो.

मुलाकडच्यांनी घाबरून लग्न मोडलं. नेर्मिन म्हणते, "आजी, तुला गप्प राहता आलं नाही ना?" मी तुझं नाव अजून घेतलेलं नाही.

हे टपालात टाकणार नाही, टपाल तेच लोक फोडतात. दारात आलीस की हातात ठेवीन.

तुझी थोरली बहीण,
जेलिहा (सरकारने जबरदस्तीने बदललेलं नाव आता झ्लातका)

ता. क. उत्तर मला नको. नेर्मिनसमोर बसून तिला दे, आणि तोंडी दे. तुझं लिहून झालंय तेवढं पुरे.