वाचक क्रमांक एक

४ जानेवारी
संकल्प : यंदा उजेडात यायचंच. 'रक्ताळलेली मिठी' ही थरारक कादंबरी टोपणनावाने मी लिहिली, हे जगात दोघांनाच ठाऊक. बायको आणि प्रकाशक. आज प्रकाशकाचा फोन. गोदाम रिकामं करायचंय म्हणे, पडून राहिलेल्या प्रती मार्चमध्ये लगद्याला घालणार. लगद्याला! म्हटलं, जरा दम धरा, कॉलेजात तिच्यावर संशोधन होतंय. होतंय म्हणजे, होईल.

७ जानेवारी
शेवटच्या वर्षाच्या पोरांना रिसर्च प्रोजेक्ट मीच वाटतो. यंदा विषय दिला : लोकप्रिय साहित्याचा रेटॉरिकल क्रिटिसिझम. म्हणजे लेखक बोलतो कोणाशी, वाचकाला गळाला कसा लावतो, ते तपासायचं. वर्गात एक चुरुचुरु बोलणारी मुलगी आहे, मनात मी तिला भिंगरी म्हणतो. तिच्या हातात कादंबरी ठेवली. कपाट आवरताना सापडली, असं सांगितलं. अभिनय झकास.

८ जानेवारी, सकाळी
भिंगरीने एका बैठकीत वाचून संपवली! पुढे काहीतरी सांगत होती, तेवढ्यात बेल झाली.

२० जानेवारी
पहिला मसुदा. म्हणे, वाक्यागणिक उद्गारचिन्ह आहे, लेखकाचा वाचकावर भरवसा नाही. समजावलं, याला जोर म्हणतात. तर विचारते, दार उघडं असेल तर जोर कशाला लावायचा सर? आगाऊ कार्टी. 'विचार उथळ' असा शेरा मारला, तोही सगळ्यांसमोर वाचून दाखवला. तिचं तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटलं.

२ फेब्रुवारी
मीच मार्ग काढला. नुसता मजकूर काय चिवडतेस, खऱ्या वाचकाला विचार, म्हटलं. वाचक सापडत नाही म्हणे. आळस, दुसरं काय! शेवटी तिला घरी बोलावलं. आमच्या हिने वाचलीय. शेवटच्या प्रकरणाला ओक्साबोक्शी रडली होती. अट एकच : हिचं नाव कुठे येता कामा नये, 'वाचक क्रमांक एक' एवढंच लिहायचं.

९ फेब्रुवारी
भिंगरी आली. हिने मला भाजी आणायला पिटाळलं. परत आलो तर दोघी पोट धरून हसत होत्या, मला बघून चिडीचूप. काय दरारा! रात्री हिला विचारलं, काय सांगितलंस? म्हणाली, खरं तेच. गुणाची आहे बिचारी.

१ मार्च
उद्या कॉलेजात विद्यार्थ्यांची संशोधन परिषद, भिंगरी निबंध वाचणार. प्रकाशकाला पहिल्या रांगेत बसवणार. निबंध संपला की मी उठणार आणि सांगणार, लेखक तुमच्यासमोर उभा आहे! भाषण तोंडपाठ. भिंगरी निबंध दाखवायला आली होती, बघितला नाही. आनंद एकदम घ्यावा. हिलाही चल म्हटलं, पण हिचं डोकं दुखतंय.

२ मार्च
भिंगरीला पहिलं बक्षीस.

तिच्या निबंधाचा निष्कर्ष : हा लेखक वाचकाशी बोलतच नाही. आरशाशी बोलतो, आणि आरशाने टाळ्या वाजवाव्यात म्हणून अडून बसतो. पुरावा, वाचक क्रमांक एक. ती म्हणाली की लेखक माझ्या चांगल्या ओळखीचा, दुसऱ्या प्रकरणापुढे मला जाववेना, पण तो दारात उभा राहून माझं तोंड न्याहाळत होता. रडल्याशिवाय सुटका नव्हती. गॅसवर दूध उतू चाललं होतं, म्हणून पटकन शेवटचं पान उघडलं आणि रडून घेतलं.

सभागृह खो खो हसलं. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने, कोणाला शंका नको. प्रकाशकाच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. त्याने तिथल्या तिथे भिंगरीला आपल्यासाठी एक पुस्तक लिहून द्यायला सांगितलं. जाताना माझ्या कानात म्हणाला, प्रती शुक्रवारी लगद्याला जातायत. भिंगरीने माझे जाहीर आभार मानले. वाचकाला विचार, हे सरांनीच सुचवलं म्हणे. परत टाळ्या.

३ मार्च
शांत डोक्याने विचार केला. परक्या पोरीसमोर बाईमाणूस भावना लपवणारच. हिला जाब विचारला नाही. मोठं मन ठेवलं. ही दूध तापवत होती, तेव्हा एवढंच सांगितलं की दुसरा भाग लिहायला घेतोय, पहिल्याच्या तिप्पट जाड, आणि रोज रात्री एकेक प्रकरण तुला स्वतः वाचून दाखवणार.

हिने गॅस बंद केला. ओट्याला टेकली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

आणि मी अजून एक ओळही लिहिलेली नाही!