दुसरा भाग बासष्ट टक्के

२ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून टेकाडावरच्या ऐनाच्या झाडाकडे पाऊल टाकणार नाही. म्हणजे नाही.
आमच्या वाडीत रेंज येते ती फक्त त्या एका झाडाखाली. म्हणून त्याच्या खोडात खिळे ठोकलेत, घरटी एक. सकाळी फोन पिशवीत घालून खिळ्याला टांगायचा आणि कामाला जायचं. कुणाचाही वाजला तरी जवळ असेल त्यानं उचलायचा आणि वरून कुकारा द्यायचा, लांबलचक हाक. म्हणजे माझ्या घरची बातमी आधी वाडीला, मग मला! एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होतो मी. पुरे झालं.
पल्लवीचं पहिलं बाळंतपण मार्चच्या पहिल्या आठवड्यात. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, म्हणून लेक बेळगावात सासरीच. बायको, सावित्री, पाच मार्चला जाणार. नातवंडाचं तोंड मात्र वाडीत सगळ्यात आधी मी बघणार. माझ्या पडवीत, खुर्चीवर बसून, व्हिडिओवर. त्यासाठी अँटेना करतोय.
पक्कड नेली, माझा खिळा उपटला आणि शेजारच्या वासूच्या हातात दिला. सगळ्यांचे खिळे त्यानंच ठोकलेत. राहू द्या की अण्णा, खिळा काय भाकर मागतोय व्हय, असं म्हणाला.

४ फेब्रुवारी
रामनगरला गेलो. बसस्टँडवर उभं राहून 'घरच्या घरी अँटेना' हा व्हिडिओ उतरवून घेतला. दोन भाग आहेत. पहिला उतरला. दुसरा बासष्ट टक्क्यांवर आला आणि बस आली.
हरकत नाही. दुसऱ्या भागात काय असणार? लाइक करा, शेअर करा.

७ फेब्रुवारी
माळ्यावरचा जुना टीव्हीचा अँटेना काढला. दांड्या कापल्या. माप सावित्रीच्या शिवणाच्या टेपनं घेतलं. काम मिलिमीटरमध्ये. सावित्रीनं विचारलं, ऐनाखाली फुकट येतंय ते घरी आणायला एवढी कापाकापी कशाला? या बाईला टेक्नॉलॉजीचं काही कळत नाही.

१० फेब्रुवारी
अँटेना बांबूवर चढवला. तोंड रामनगरच्या टॉवरकडे. तीन कौलं फुटली.
रेंज शून्य. मध्ये डोंगर आहे. माझ्या डिझाइनमध्ये दोष नाही, दोष डोंगरात आहे.

१३ फेब्रुवारी
अँटेनाची वायर खाली आणली, पण फोनला ती लावायला भोकच नाही! कंपन्यांची अक्कल! ती कुठे जोडायची हे बहुधा दुसऱ्या भागात असावं. तो उतरवायला ऐनाखाली जावं लागेल. प्रश्नच नाही.
स्वतःचा शोध लावला. पल्लवीनं दिवाळीत चपात्यांसाठी चांदीचा कागद आणला होता. तो फोनभोवती गच्च गुंडाळला आणि त्यावर वायरचे वेढे दिले. पूर्वी न्हाणीजवळ कधीमधी एक काडी तरी दिसायची, ती पण गेली. म्हणजे काहीतरी परिणाम होतोय. ही चांगली खूण आहे.

१६ फेब्रुवारी
वासू आला होता. पल्लवीचा त्याच्या फोनवर फोन आला म्हणे. पाय सुजलेत, बाकी बरी हाय, असा निरोप. मी विचारलं, मला का नाही केला? तर म्हणे, अण्णाचा लागतच न्हाई म्हणत होती.
टेस्टिंग चालू आहे, असं ठणकावून सांगितलं. सावित्री तांदूळ निवडत राहिली. मला तिचं हे तांदूळ निवडणंच झोंबतं.

१८ फेब्रुवारी
सावित्रीचा फोन दिसला नाही. विचारलं तर चार्जिंगला लावलाय म्हणाली. सकाळपासून लाइट नव्हती.
हल्ली रोज टेकाडावर गोठ्यासाठी सुकी पानं आणायला जाते. एकच गाय आहे. इतकी पानं?

२१ फेब्रुवारी
मोठा शोध! शिवणाच्या टेपचा पहिला इंच तुटलेला आहे. सगळ्या दांड्या एक इंच कमी. चूक माझी नव्हतीच, टेपची होती.
नवीन दांड्या कुठून आणणार? छत्रीच्या काड्या काढल्या. सावित्री म्हणाली, आता पावसात अँटेनाच घ्या डोक्यावर.
अजून दोन आठवडे हातात आहेत. भरपूर झाले.

२६ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
कौलांवर बसून लिहितोय. फोन खिशात, कागदात गुंडाळलेला. टेकाडावरून कुकाऱ्यावर कुकारे येतायत. भातखाचरात गवा आला असेल. मी ओरडून सांगितलं, गप्प बसा, टेस्टिंग चालू आहे.
सगळी वाडी वर पळाली. सावित्रीसुद्धा, शेणाचे हात घेऊन. बरं झालं. टेस्टिंगला शांतता लागतेच.

त्याच दिवशी, दुपारी १
पल्लवीला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच, सकाळी नऊला. दोघी सुखरूप.
जावयानं, ओंकारनं, मला अकरा वेळा फोन लावला. मग सावित्रीला. तिचा फोन ऐनावरच होता, दिवाळीत ओंकार आला होता तेव्हा त्याच्यासाठी ठोकलेल्या खिळ्याला म्हणे. वासूच्या बायकोनं, गिरजानं, उचलला आणि कुकारा दिला. सगळ्या वाडीनं व्हिडिओवर मुलगी पाहिली. नाक कुणाचं, हनुवटी कुणाची, सगळं ठरलं.
वासू सांगायला आला, मी ऐनाखाली पोचलो तेव्हा बाळ भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं. मला फक्त दुपटं दिसलं.
फार वाईट वाटलं. सावित्रीनं पदरानं माझ्या कपाळाला लागलेली कौलांची काजळी पुसली आणि बेळगावची पिशवी भरायला घेतली.

२७ फेब्रुवारी
सावित्री पहाटेच्या गाडीनं बेळगावला गेली.
तुलनात्मक टेस्टिंगसाठी ऐनाखाली गेलो. वासूनं पानाच्या डबीतून माझा खिळा काढला. दुसऱ्याला दिला न्हाई अण्णा, तुम्ही येणार म्हाईत होतं, असं म्हणाला आणि जुन्याच भोकात ठोकला.
कागद सोडवला. फोनला भरभरून रेंज आली. व्हिडिओचा दुसरा भाग आपोआप शंभर टक्के झाला. लावला. पहिलंच वाक्य: फोनला चांदीचा कागद कधीही गुंडाळू नका, आहे ती रेंजही जाते.
बंद केला. फोन पिशवीत घातला, पिशवी खिळ्याला. घरी आलो.

संध्याकाळी ६
कुकारा आला. गिरजाचा आवाज. अण्णाऽऽ, पोर जागी हाय, या की!
पळालो. एक चप्पल बांधावर राहिली. मुलीनं माझ्याकडे बघून जांभई दिली. कान अगदी माझे आहेत, असं मी सगळ्यांना सांगितलं.
व्हय, ते कालच ठरलं, असं वासू म्हणाला.