आबुन्दियोच्या गायी

ग्रासियास, ८ जानेवारी

ती. बाबांस यामिलेतचा सा. न. वि. वि.

शाळांच्या स्वयंपाकघरांनी आपल्या डोंगरावरचा मका नि घेवडा घ्यायचं कबूल केलंय. शहरातून येणारं पीठ बंद! अट एकच: कुणीही शेत जाळायचं नाही, कडबा जमिनीवरच राहू द्यायचा. तुमचं शेत सगळ्यांत वर. ते उघडं पडलं तर पावसात माती खालच्यांच्या अंगावर येईल आणि सगळ्यांचाच करार जाईल. तेव्हा यंदा आबुन्दियोकाकांच्या गायी आत सोडू नका. माझ्या बाप्तिस्म्याला उभे राहिलेले धर्मपिता आहेत, समजून घेतील. गुडघ्याला तेल लावता ना?

माया आहेच, ती पत्रातूनही येऊ द्या.

तुमची, यामिलेत

एल पिनाल, १९ जानेवारी

चि. यामिलेतीस अ. उ. आ.

नाही समजून घेतलं. कापणी झाली की त्याच्या गायी आपल्या कडब्यावर, ही आमच्या लग्नांच्याही आधीची रीत. मी फाटक लावून उभा राहिलो. म्हणाला, मुलगी शहरात शिकली नि कुलूप बापाला लागलं! गायी वळवून गेला, तो कॉफीलाही फिरकत नाही. शाळेतली पावसाची कविता आम्ही वाटून पाठ केली होती. मधलं कडवं त्याचं. परवा ओसरीत एकटाच म्हणू लागलो, तर मध्ये भगदाड. शेत झाकलेलं आहे, पोरी. मी मात्र दमलो.

तुझा बाप, फिदेन्सियो

ग्रासियास, २७ जानेवारी

ती. बाबांस सा. न.

गायी काय खातील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कुंपणावरच्या गिरिपुष्पाच्या फांद्या छाटून सुकवा, मग गायी त्या आवडीने खातात. गडी पाठवते, तुम्ही भारे उचलू नका, माझी शपथ.

तुमची, यामिलेत

एल पिनाल, २ मार्च

चि. यामिलेतीस अ. उ. आ.

गडी परत पाठवला. त्याच्या हातचा चारा आबुन्दियोने फेकला असता. रोज मीच भारा घेऊन समोरच्या टेकडीवरच्या त्याच्या गोठ्याचा चढ चढतो. पाठ रात्रभर बोलते. आधी तो गोठ्याबाहेरच येईना. मग एकदा म्हणाला, गायींना हाकललंस, आता स्वतःच बैल होऊन येतोस होय रे? कॉफी नाहीच विचारली.

काल भारा टाकून उतरणीला लागलो. दम लागला की मी कविता पुटपुटतो. पहिलं कडवं संपलं आणि मागून, गोठ्यातून, त्याच्या चिरक्या आवाजात मधलं आलं.

मी वळून पाहिलं नाही. शेवटचं म्हटलं, जरा मोठ्याने.

बाकी माया भेटीत.

तुझा बाप, फिदेन्सियो