कवी कुणाच्या फांदीवर

४ फेब्रुवारी, रविवार

कवी आमचाच!

सकाळी गुरांच्या डॉक्टरांचा फोन. हे आमच्या आडनावाच्या मंडळाचे प्रमुख. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण माणसांशी अजून बैलाला दम दिल्यासारखं बोलतात. म्हणाले, "ओ चष्मेवाले, उभे आहात की बसलेले? बसून घ्या. पाच घरांकडून दुजोरा आलाय. तुमचे पणजोबा म्हणजे कवीचे थोरले भाऊ. पक्कं!"

मी बसलेलाच होतो. उभा राहिलो.

चौथीच्या पुस्तकातला तो कवी! डाव्या पानावर मिशांचं चित्र, उजव्या पानावर कविता—

वाऱ्या, थांब जरासा दारी,
दिवा अजूनी लहान आहे...

आणि तो माझा चुलत पणजोबा! गुरुजींनी मला बाकावर उभं करून म्हणायला लावली होती. शिक्षा म्हणून नव्हे, कौतुकानं. वर म्हणाले होते, "तुझ्याच आडनावाचा की रे! घराण्यातला दिसतोय." त्या दिवशी घरी चालत आलोच नाही मी, तरंगत आलो.

मंडळात प्रत्येक घर आपल्याला ठाऊक असलेले आजे-पणजे कळवतं आणि डॉक्टर ते जोडून एक वंशवृक्ष करतात. मार्चमध्ये मेळावा. तिथे तो भिंतभर छापून लावणार. त्यावर कवी, आणि शेजारच्या फांदीवरून लोंबणारा मी!

हिला सांगितलं. ही म्हणाली, "छान. आता त्या कवींनाच विचारा, पंखा खडखडतोय तो कधी बघणार ते."

७ फेब्रुवारी

बंधूंचा फोन. रोजचाच.

बंधू म्हणजे बेकरीवाले. कवीचा तिसरा भाऊ तो त्यांचा पणजोबा, म्हणून आम्ही भाऊ; दुजोरा आत्ता आला, पण मंडळात आधीपासून तसंच धरून चालले होते. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटे. मंडळातच ओळख झाली, वर्ष झालं असेल. पहिले पंधरा दिवस 'साहेब' म्हणत होते. मग 'दादा' झालो. साधासुधा शब्द नव्हे हा! आमच्या घरात ताई आणि मी, दोघंच. ताईला मी 'ताई' म्हणायचो, मला 'दादा' म्हणायला कुणी नव्हतंच. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी झालो एकदाचा.

मी कवितेबद्दल बोलत होतो, तर म्हणाले, "दादा, मला कवितेतलं ओ की ठो कळत नाही. पाव फुगला की कळतं तेवढं." कवीच्या घराण्यातला माणूस आणि हे असलं बोलणं! पण मग म्हणाले, "तू म्हण की. मी ऐकतो. पीठ मळायला घेतलंय, मला काय, दोन्ही हात गुंतलेत."

म्हटली. पलीकडून पिठावर थापा पडत होत्या. बहुतेक तालात.

पहिल्यांदाच 'तू' म्हणाले. मुद्दाम की चुकून? विचारलं नाही. विचारलं तर परत 'तुम्ही' करतील.

११ फेब्रुवारी, रविवार

नातीला आनंद नाही. ती माझ्याच दुकानात डोळे तपासते—आता मुलाचं दुकान म्हणायचं, पण पाटी अजून माझ्याच हातची आहे. शिकलेली पोर. तिला सगळ्याला पुरावा लागतो.

"आजोबा, पाच घरांनी सांगितलं म्हणजे काय? त्यांना कुणी सांगितलं?"

"अगं, पाचांच्या तोंडी एकच गोष्ट, आणखी काय हवं?"

"पाचांच्या तोंडी एकच गोष्ट आली की मला तर जास्तच शंका येते."

कुणावर गेलीय कोण जाणे. हिच्यावर.

वंशवृक्षाची छपाई बंधूंचा नातू करतोय. त्याचा छापखाना आहे, मुलगा सालस, हात स्वच्छ. छापखानावाल्याचे हात स्वच्छ असणं सोपं नाही. प्रूफं तपासून द्यायला आमची नातच जाते. आज परत गेली होती. मी कौतुकानं म्हटलं, "जात जा हो. परकं घर नाही ते. तो तुझा भाऊच लागतो!"

भिंगांचा ट्रे असा आदळला की बाहेर बसलेलं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं.

१२ फेब्रुवारी

पंखा अजून खडखडतोय.

१५ फेब्रुवारी

डॉक्टरांनी फर्मान काढलं: मेळाव्यात कवीवर दहा मिनिटं बोलायचं, मी! "लांबण लावू नका. आणि रडू नका."

मी रडतो असं यांना कुणी सांगितलं? हिनंच सांगितलं असणार.

मग ठरवलं, त्या पाच घरांना स्वतः फोन करायचे. त्यांच्याकडे कवीच्या आठवणी असतील. काय खायचा, कुणावर चिडायचा, कविता चालताना सुचायची की अंघोळ करताना. त्या सांगितल्या की दहा मिनिटं कुठे गेली कळणारही नाही. नात म्हणाली, "कराच फोन, आजोबा. आजच करा." एवढा उत्साह! आली म्हणायची वळणावर.

१८ फेब्रुवारी, रविवार

फोन झाले. काहीतरी चुकतंय.

पहिलं घर दातांच्या डॉक्टरांचं. आठवणी? "छे हो, आम्हाला आमच्या साडूंकडून कळलं." साडू म्हणाले, मंडळातल्या शिलाईवाल्या काकूंनी सांगितलं. काकू म्हणाल्या, "मी तर दूधवाल्या दादांकडचा कागद बघून लिहिलं. त्यांनी लिहिलंय म्हणजे बघूनच लिहिलं असेल ना?" दूधवाले दादा म्हणाले, "आम्हाला विहिरी खोदणाऱ्या मामांनी सांगितलं, मामा फार जुना माणूस." आणि हे जुने मामा माझ्याहून सहा वर्षांनी लहान निघाले! ते म्हणाले, "मला सुरुवातीला एका म्हाताऱ्या बाईंनी फोनवर सांगितलं. नाव विसरलो बघा. पण आवाज असा खणखणीत! आणि प्रत्येक वाक्याला 'बरं का'."

बरं का!

फोन ठेवला. पाणी प्यायलो. ही म्हणाली, "चेहरा का असा? कवी वारला की काय?"

२० फेब्रुवारी

ताईकडे जाऊन आलो. चौऱ्याऐंशी पुरी होतील, पण खुर्चीत अशी बसते की आपणच म्हातारे वाटावं.

"अरे, मामांनी विचारलं, पणजोबांना भाऊ किती, बरं का. मला काय ठाऊक! म्हटलं, एक कवी होता."

"अगं, पण कशावरून?"

"कशावरून काय? तूच तर शाळेतून आलास नाचत—कवी आपला, कवी आपला! आईनं साखर ठेवली तुझ्या हातावर. बाबांनी चार लोकांना सांगितलं. तेव्हापासून तो घरातलाच की. मी काय परक्याला आणून बसवलं?"

म्हणजे गुरुजी गमतीनं बोलले, मी घरी नेलं, ताईनं मामांना दिलं, मामांनी दूधवाल्यांना, त्यांनी काकूंना... आणि साठ-पासष्ट वर्षांनी तेच माझं वाक्य पाच घरं फिरून, मोठं होऊन, दुजोरा म्हणून माझ्याच दारात आलं. मी ओळखलंसुद्धा नाही त्याला. उभं राहून स्वागत केलं!

हसू आलं खरं तर. ताईपण हसली. तिला नक्की कशाचं हसू आलं ते कळलं नाही. पण दोघं बराच वेळ हसत होतो.

परत येताना मात्र हसू ओसरलं. कवी गेला तर गेला. तो पुस्तकातला, पुस्तकात राहील. मला काही ती कविता विसरायला लावणार नाहीत. पण मग आमचा पणजा त्या तीन भावांतला नाही. म्हणजे बेकरीवाले माझे कुणी नाहीत.

२१ फेब्रुवारी

बंधूंचा फोन. पावाचं पीठ आज हट्टी आहे म्हणाले, फुगतच नाही. "दादा, तुझा आवाज का बसलाय?"

सर्दी म्हणालो.

२४ फेब्रुवारी

गप्प राहिलो तर कुणाला कळणार आहे? ताई कबूल व्हायची नाही. मामा विसरलेत. वृक्ष छापायला जातोय. एक रेघ जास्तीची, त्यानं कुणाचं काय बिघडतं? सगळे खूश आहेत. दूधवाल्या दादांचा नातू म्हणे यमकं जुळवायला लागलाय, अंगातच आहे म्हणून!

दुपारी दुकानात बसलो होतो. एक आजोबा आले तपासायला. नातीनं डोळा झाकून तक्ता वाचायला सांगितला, तर घडाघडा शेवटच्या ओळीपर्यंत! तिनं गुपचूप तक्ता उलटा फिरवला. आजोबांचं तरी घडाघडा चालूच. बाहेर बसल्या बसल्या पुढच्या गिऱ्हाइकांचं ऐकून पाठ केलेलं! मी उभ्या आयुष्यात अशी किती माणसं पकडली. कधी रागावलो नाही. त्यांना चष्मा नको असतो, इतकंच. पण पाठांतरावर नंबर काढून कुणाला रस्त्यावर सोडलं नाही.

आमच्या पाच घरांनी तक्ता पाठ केलाय. आणि तो ओरडून म्हणणारा पहिला मीच.

नात हात पुसत बाहेर आली. "ताईआजी काय म्हणाल्या हो त्या दिवशी?" मी सांगितलं. सगळं. ती एकदम खुर्चीतच बसली. "म्हणजे आपलं त्यांच्याशी काहीच नातं नाही?"

"नाही गं."

"लांबचंसुद्धा?"

"लांबचंसुद्धा."

डोळे भरून आले तिचे. मला वाटायचं, हिला या सगळ्याची पर्वाच नाही. उगीच बोललो मी पोरीला मनात. जवळ घेतलं. म्हटलं, "उद्या डॉक्टरांना सांगतो." तर म्हणते, "उद्या कशाला? आत्ता करा ना!"

खरेपणाची चाड म्हणतात ती ही. अभिमान वाटला.

२५ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टरांना सांगितलं. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. मग: "ठीक आहे. आधार नाही ती फांदी छाटायची, नियम आहे. तुमचं घर वेगळं, सुटं दाखवतो. वाईट वाटून घेऊ नका." आणि जरा मऊ आवाजात—"पाहुणे म्हणून या मेळाव्याला. जेवून जा."

बैल आजारी असला की याच आवाजात बोलत असतील.

मग बंधूंना लावला. सगळं सांगितलं, अडखळत, मध्ये मध्ये कविता आली तीही म्हणून घेतली. ते म्हणाले, "असं होय." मग म्हणाले, "भट्टी पेटलीय, ठेवतो."

'दादा' म्हणाले नाहीत. मी वाट बघत होतो, म्हणून लक्षात राहिलं.

२६ फेब्रुवारी

फोन नाही.

२७ फेब्रुवारी

नाही. दोनदा फोन उचलून बघितला, चालू आहे की नाही. ही म्हणाली, "चालू आहे. मघाशीच माझी बहीण तासभर बोलली."

मग स्वतःच जवळ येऊन बसली. "अहो, भाऊ होते की भाडेकरू? करार संपला म्हणून खोली सोडून जायला? येईल फोन." माझ्या हातात पेचकस दिला. पंखा दुरुस्त केला. आता खडखडत नाही. घर नको तितकं शांत झालंय.

१ मार्च

नात गुणगुणतेय. काल गुणगुणली, आज गुणगुणतेय. गिऱ्हाइकांना भिंगं लावताना गुणगुणते. माझा भाऊ गेला आणि हिला गाणी सुचतायत! तरुण माणसांना दुःख धरून ठेवता येत नाही. बरंच आहे म्हणा.

प्रूफं तपासायला अजून जाते. आता आपली फांदीच नाही तर काय तपासते, म्हणून विचारलं. म्हणाली, "शुद्धलेखन."

३ मार्च, रविवार

संध्याकाळी बेकरीपर्यंत चालत गेलो. आत गेलो नाही. काचेतून दिसले. पाठमोरे, पांढरी टोपी, फळीवर पाव मांडत होते. एक पाव उचलून बोटानं दाबून बघितला, परत ठेवला. आत जाऊन काय म्हणायचं होतं? 'साहेब' म्हणायचं? जीभ वळली नसती. आणि 'तू' म्हणायचा हक्क कुठून आणायचा?

बाहेर वारा होता. मनातल्या मनात कविता म्हणत परत आलो. दुसऱ्या कडव्यापाशी अडलो. पहिल्यांदाच अडलो इतक्या वर्षांत.

५ मार्च

नातीनं सकाळीच बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्या पुसल्या. ही म्हणाली, "आज तो निळा सदरा घाला, आणि प्रश्न विचारू नका."

चार वाजता दारात बंधू. कडक इस्त्री. मागे त्यांची बायको, मुलगा, सून, आणि सगळ्यांच्या मागे छापखानावाला नातू, कानापर्यंत लाल.

बंधू आत येईनात. उंबऱ्यातच उभे राहून विचारलं, "नातं नाही हे अगदी नक्की ना?"

"नक्की," मी म्हणालो.

"मग येतो आत," ते म्हणाले. "मुलाकडचे म्हणून."